वडिलांनी फोडलेली लाकडं

शेजारच्या आर्डिसच्या घरासमोरच्या अ‍ॅशच्या झाडाला कुणीतरी छातीच्या उंचीवर हिरव्या रंगाचं कडं मारलं होतं. काल नव्हतं. वेंडेल कचऱ्याचा डबा ओढत फुटपाथपर्यंत आला होता. फेब्रुवारीतली सकाळ, नाकातले केस ताठ व्हावेत इतकी थंडी. डब्याचं चाक बर्फात रुतलं म्हणून त्याने मान वर केली, तर समोर ते कडं. चार बोटं रुंद, घाईत मारलेलं, एका ठिकाणी रंगाचा ओघळ सालीवरून खाली येऊन गोठलेला. त्याचा अर्थ या शहरात आता कुणाला सांगावा लागत नाही. झाडात भुंगा शिरलाय, झाड तोडायचं. नदीकडच्या वस्तीत गेल्या वर्षी अशी कडी पडली होती, तेव्हा लोक गाड्या हळू करून बघत जायचे आणि आपल्या रस्त्यावर आल्यावर हुश्श म्हणायचे. वेंडेलने रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकली. पुढच्या झाडाला कडं होतं, त्याच्या पुढच्यालाही होतं, मग त्याने बघणं सोडून दिलं. त्याला वाटली ती भीती नव्हती. भीती पुढे काय होईल याची वाटते, आणि इथे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ही लाज होती. सहा वर्षं त्याने ती नीट रचून, वर ताडपत्री टाकून ठेवली होती आणि आज कुणीतरी येऊन तिला रंग लावून गेलं होतं. तो वाकला आणि डब्याचं चाक बर्फातून सोडवू लागला.

वेंडेल क्राउझ म्हणजे होमर स्ट्रीटवरचा लाकडांतला शहाणा. तीस वर्षं त्याने शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं. बायको मध्येच कधीतरी कंटाळून अ‍ॅरिझोनात निघून गेली. तिथे थंडी नाही, त्यामुळे नवऱ्याच्या लाकडांच्या गप्पाही नाहीत. या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक घरात विटांची जुनी फायरप्लेस आहे, आणि ऑक्टोबर लागला की कुणी ना कुणी हातात एखादं फाटं घेऊन वेंडेलच्या दारात उभं राहतं. वेंडेल ते हातात तोलतो. टोकाला भेगा पडल्यात का बघतो, नाकाजवळ नेतो, मग दोन फाटी एकमेकांवर आपटतो. वाळलेलं लाकूड टणकन बोलतं, ओलं थपकन. पाइन घरात जाळू नका, धुराड्यात डांबर साचतं. बर्च दिसायला देखणा, पण भसकन पेटतो आणि संपतो. ओक उत्तम, पण दोन वर्षं थांबायची तयारी हवी. पेट्रोल पंपावरची, प्लास्टिकात गुंडाळलेली पाच फाटी विकत घेऊन येणाऱ्या माणसाला तो काही बोलत नसे. नुसता हसे, आणि ते हसणं त्या माणसाला हिवाळाभर पुरे. पण अ‍ॅशचं नाव निघालं की त्याचा आवाज बदलायचा. फोडायला सरळ, ठिणग्या उडवत नाही, धूर कमी, आणि आज पाडलेलं उद्या घातलं तरी जळतं. हे बोलणं त्याच्या वडिलांचं होतं. वडिलांचं बरंचसं बोलणं तो स्वतःचं म्हणून वापरत असे. एक वाक्य सोडून.

ते वाक्य त्याने कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. वडिलांचं शेत नदीपलीकडे विस्कॉन्सिनात, तीन तासांवर. शेताच्या मागच्या अंगाला अ‍ॅशची राई होती. सात वर्षांपूर्वीच्या शरदात राईतली झाडं शेंड्याकडून वाळत चालली. सुतारपक्ष्यांनी सालीचे पापुद्रे ओरबाडून खोडं पिवळी पाडली. एमिल क्राउझ तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते, छातीत यंत्र बसवलेलं होतं, डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी केली होती. त्यांनी जिना सोडला आणि झाडं पाडायला घेतली. हिवाळाभर पाडली, करवतीने तुकडे केले, कुऱ्हाडीने फोडली, कोठाराच्या भिंतीला रचली. वेंडेल दोन आठवड्यांनी एकदा जायचा आणि रचायला हातभार लावायचा. अशाच एका दुपारी वडिलांनी एका ओंडक्याची साल कुऱ्हाडीच्या पात्याने उचकटून त्याला दाखवली. सालीखाली लाकडावर नागमोडी बोगदे कोरलेले होते, भुशाने भरलेले, आणि सालीवर बारीक भोकं, एका बाजूला चपटी, दुसऱ्या बाजूला गोल. वडील म्हणाले, "हे लाकूड इथेच जळायचं. या कुंपणाबाहेर एक ढलपीही जाता कामा नये. कळलं का?" वेंडेल म्हणाला, "कळलं, डॅड." त्याला खरोखरच कळलं होतं. पुढे सहा वर्षं त्याने स्वतःला नाना प्रकारे समजावलं, पण आपल्याला कळलं नव्हतं, असं मात्र त्याला कधी म्हणता आलं नाही.

मार्चमध्ये वडील गेले. मे महिन्यात भाऊ लाइल याने शेत विकायला काढलं. घेणारा मिलवॉकीचा दातांचा डॉक्टर होता, आणि कोठाराशी रचलेल्या लाकडांकडे बघून तो म्हणाला होता की वा, मुलांच्या पार्टीला मोठी होळी करता येईल. एवढंच म्हणाला बिचारा. वेंडेलच्या डोक्यात ते रुतून बसलं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने छातीवर हात दाबून एकेक घाव घालून फोडलेली लाकडं, एका संध्याकाळी, बिअर पिणाऱ्या पाहुण्यांसमोर. त्याने भाड्याने ट्रेलर आणला. लाइल म्हणाला, "डॅडने काय सांगितलं होतं, विसरलास?" वेंडेल म्हणाला की पाहून पाहून नेतोय, चांगली तेवढीच. आणि खरंच तो एकेक फाटं हातात घेऊन बघत होता, पण डोळे भलतंच बघत होते. इथे कुऱ्हाड दोनदा बसली, इथे गाठ लागली आणि म्हातारा चिडला असणार, इथे पाचर ठोकावी लागली. वडिलांच्या हातांच्या खुणा असलेलं एकही लाकूड त्याला वाईट दिसेना. ट्रेलर भरला. नदीवरच्या पुलाआधी रस्त्याच्या कडेला मोठी पाटी आहे, जळण जिथलं तिथेच जाळा, म्हणून. पाटी आली तेव्हा त्याने रेडिओचा आवाज वाढवला. एवढं त्याला आजही स्वच्छ आठवतं.

लाकडं गॅरेजमागे रचली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो तिथे कॉफीचा मग घेऊन उभा होता, तर बाहीवर एक भुंगा येऊन बसला. तांदळाच्या दोन दाण्यांएवढा लांब, आणि असा झगझगीत हिरवा की पाहत राहावं. वेंडेल पाहत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की थप्पीवर आणखी एक आहे. तिसरा सालीच्या भोकातून अर्धा बाहेर आला होता आणि उन्हात अंग सैल करत होता. वेंडेलने बाही झटकली. भुंगा गॅरेजमागच्या झाडाकडे उडाला, आर्डिसच्या बाजूला गेला की आणखी कुठे, हे काही दिसलं नाही. त्याच दिवशी फोन करता आला असता. पुलाजवळच्या पाटीवर नंबर होता आणि त्याला तो पाठ झाला होता. आठ दिवसांत माणसं आली असती, थप्पी यंत्रात घालून भुगा केली असती, आसपासच्या झाडांना टोचून औषध दिलं असतं, आणि वेंडेल क्राउझ, लाकडांतला शहाणा, हा भुंगा घेऊन आला, हे रस्ताभर झालं असतं. त्याने फोन केला नाही. त्या हिवाळ्यात मात्र त्याने जन्मात जाळलं नव्हतं इतकं लाकूड जाळलं. इतर वेळी तो वाळकं आधी निवडायचा. त्या वर्षी भोकं आधी निवडली. संध्याकाळी चार वाजल्यापासून आग, घर भट्टीसारखं तापलेलं, शर्टाची बटणं उघडी, आणि तो एकेक फाटं दिव्याखाली फिरवून, भोकांची बाजू खाली करून आगीत सरकवतोय. वडिलांची लाकडं वाचवायला आणली आणि चोरीचा माल संपवावा तशी संपवली. अर्धी टोपल्या भरभरून आर्डिसच्या घरी गेली.

आर्डिस लिंडग्रेन चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने तिला हवं तेवढंच येतं. सत्तरच्या दशकात या रस्त्यावरची एल्मची झाडं रोगाने एकजात मेली, तेव्हा तिचा नवरा नेल्स दारोदार फिरून सह्या गोळा करत होता. महापालिकेने नवी झाडं लावावीत आणि ती अ‍ॅशची लावावीत म्हणून. अ‍ॅशला रोग नाही, असं तेव्हाचे जाणकार सांगत. रोपं लागली त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, आणि आर्डिस कडेवर पोर घेऊन भांडी धुतलेलं पाणी बादलीने झाडाला घालायची. ही हकीकत वेंडेलने किमान चाळीस वेळा ऐकली होती. त्या हिवाळ्यात तिच्या फायरप्लेसपुढे गुडघे शेकत तिने ती एकेचाळिसाव्यांदा सांगितली, आणि आगीकडे बघून म्हणाली की तुझ्या बापाचं लाकूड म्हणजे लाकूड हो, काय जळतंय. वेंडेल होय म्हणाला. आणि तिने दिलेल्या वेलदोड्याच्या पावाचा आणखी एक तुकडा मोडला. तेव्हाच तिला सांगितलं असतं तर? हा प्रश्न त्याला आज, कड्यांच्या दिवशी, कचऱ्याचा डबा लावून परत येताना पडला, आणि घरात शिरून बूट काढेपर्यंत त्याने तो बाजूला सारला.

अकराच्या सुमारास महापालिकेच्या झाडांच्या खात्यातून एक मुलगी आली. ब्रिजेट तिचं नाव, अंगात नारिंगी जाकीट, बोलायला मोकळी. तिने आधी गॅरेजमागचं वेंडेलचं झाड बघायला मागितलं. सुरीने साल तासली, बोगद्यांवर बोट फिरवलं, शिडी लावून वर आणखी एका जागी तासलं, आणि खाली उतरून म्हणाली, "या रस्त्यावरचं सगळ्यात जुनं दुखणं हे. सहा वर्षं, कदाचित सात. इथून सुरू झालं आणि मग सगळीकडे गेलं." वेंडेल म्हणाला, अस्सं. ती म्हणाली की आम्ही पत्रात एवढं लिहीत नाही, लोक मग एकमेकांच्या जिवावर उठतात. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. आरोप असता तर बरं झालं असतं, असं वेंडेलला वाटलं. कुणी बोट रोखलं की माणूस निदान उलटून बोलतो, नाहीतर रडतो, नाहीतर कबूल करतो. या मुलीने सुरी पुसून म्यानात घातली आणि दोघं चालत आर्डिसच्या झाडापाशी आली. आर्डिस गाऊनवर नवऱ्याचा जुना कोट चढवून दारात उभी होती आणि तिथूनच ओरडून विचारत होती की वाचवता येईल का. ब्रिजेटने मान हलवली. मग सहज, वहीत काही लिहिता लिहिता, तिने वेंडेलला विचारलं, "इथे कुणी बाहेरून जळण आणतं का हो?"

वेंडेल म्हणाला, "आणतात लोक. सांगून ऐकतात थोडेच." आणि त्याने रस्त्याच्या टोकाकडे बघितलं. टोकाच्या घरापुढे, रस्त्यावर सगळ्यात शेवटी राहायला आलेल्या नेंग मुआचा निळा ट्रक उभा होता, मागच्या हौद्यात बर्फ साचलेला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ त्याने बघितलं असेल. मुद्दाम बघितलं की नजर आपोआप गेली, हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं. ब्रिजेट वहीत लिहीत होती, तिला काही दिसलं नाही. आर्डिसला दिसलं. आर्डिसचा कान गेलाय, डोळा नाही. दोन दिवसांनी कॉफी ओतताना ती म्हणाली, "तू कुठे बघितलंस ते बघितलं मी. नाव घेतलं नाहीस, भला आहेस म्हणून." वेंडेल म्हणाला, "तसं काही नाही, आर्डिस." पण तसं असल्यावर माणसं जसं म्हणतात तसंच ते बाहेर पडलं. आठवडाभरात रस्त्यावरचं वारं बदललं. कुणी कुणाला उघड काही बोललं नाही, इथली माणसं बोलत नाहीतच. नेंग सकाळी कामावर जाताना हात करायचा तेव्हा समोरचे नेमके त्या वेळी हातमोजे शोधायला लागायचे. चार वर्षं तो आर्डिसच्या दारातला बर्फ फावड्याने काढत आला होता. आता आर्डिसने चर्चमधल्या कुणाला तरी सांगितलं आणि नेंगला दारातून म्हणाली की राहू दे, सोय झाली आहे.

नेंग चार वर्षांपूर्वी इथे राहायला आला. नेमका हाच हिशेब होता, आणि तो फक्त वेंडेलकडे होता. झाड सहा वर्षं पोखरलं जातंय आणि माणूस चार वर्षांपूर्वी आलाय, एवढं एका वाक्यात सांगितलं की विषय मिटत होता. पण ते वाक्य सांगितलं की पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणार, सहा वर्षांपूर्वी मग काय झालं, आणि होमर स्ट्रीटवरच्या अर्ध्या लोकांनी एमिल क्राउझची लाकडं ट्रेलरमधून उतरवायला मदत केली होती. वेंडेल खिडकीत बसून टोकाच्या घराच्या धुराड्याकडे बघत राही. त्यातून धूर येणं थांबलं होतं. त्या धुराड्याशी त्याचा संबंध होता. नेंग नवा होता तेव्हा पहिल्याच थंडीत तो एक चिंब ओलं फाटं घेऊन आला होता आणि हसत म्हणाला होता की घरभर धूर झालाय, बायको म्हणते शेजारच्या मास्तरला विचार. तो मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशिनवर काम करायचा. हात नेटके, शिकायला तयार. वेंडेलने त्याला सगळं शिकवलं. धुराड्याची झडप आधी उघड, पेटता कागद वर धरून धुराडं तापव, मग खाली आग लाव. लाकूड तोल, हुंग, वाजव. असा विद्यार्थी तीस वर्षांत मिळाला नव्हता. भोकांचं मात्र त्याने त्याला सांगितलं नाही. सांगायला सुरुवात केली होती, आणि मध्येच पुन्हा धुराड्याच्या झडपेकडे वळला होता. भोकांचा विषय काढायला नको, अशी सवयच तेव्हा लागून गेली होती.

शनिवारी दुपारी वेंडेलने जाडा कोट चढवला आणि टोकाच्या घराकडे निघाला. रविवारी चर्चनंतर रस्त्यावरच्या सगळ्यांनी आर्डिसकडे जमायचं ठरलं होतं, झाडं तोडण्याच्या तारखा आणि नवी कोणती लावायची ते बोलायला. त्याच्या आत सांगायला हवं होतं. त्याने वाक्य जुळवून ठेवलं होतं. नेंग, हे माझ्यामुळे झालं, माझ्या वडिलांची लाकडं होती. इतकंच. वाटेत तो दोनदा मागे वळला आणि दोनदा पुन्हा निघाला, आणि दुसऱ्यांदा वळताना त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्या तिरमिरीतच त्याने बेल दाबली. दार नेंगने उघडलं. आत उकडलेल्या भाताचा आणि आल्याचा वास होता. वेंडेलला बसवून नेंग समोर बसला. फायरप्लेस धुऊन पुसून लख्ख केली होती, आत राखेचा कण नव्हता. तिथे मुलांची खेळण्यांची टोपली ठेवली होती. वेंडेलने तोंड उघडलं, आणि नेंग म्हणाला, "तुम्ही का आलात ते माहीत आहे मला."

 झालं, सुटलो, असं वेंडेलला वाटलं, याला कळलंय, आता मला फक्त मान हलवायची आहे. नेंग खाली बघत होता. "मीच आणला तो भुंगा. दोन वर्षांमागे मामाच्या शेतावरून ट्रक भरून लाकडं आणली. मामाचं शेत दक्षिणेला, तिकडे भुंगा आहे हे नंतर वाचलं मी. गेले पंधरा दिवस झोप नाही. लोक बोलत नाहीत माझ्याशी, बरोबरच आहे त्यांचं." वेंडेल म्हणाला, "नेंग, ऐक." नेंग म्हणाला, "नाही, मला बोलू द्या. तुम्ही मला सगळं शिकवलंत. भेगा बघ, वास घे, वाजवून बघ. भोकं बघायचं मला सुचलं नाही. आर्डिसच्या झाडासमोरून जाताना मान वर होत नाही. तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटत असेल." आणि त्याने वर बघितलं. डोळे लाल होते, आणि त्या डोळ्यांत वेंडेलसाठी इतका आदर होता की वेंडेलला तो सहन होईना. हाच क्षण होता. चार वर्षं आणि सहा वर्षं, एवढं म्हणायचं होतं. वेंडेलने हात पुढे केला आणि नेंगच्या गुडघ्यावर ठेवला. "चूक कुणाचीही होते," तो म्हणाला. आवाज शाळेतला होता, करवत मोडून आलेल्या पोराला धीर देण्याचा. नेंगने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे, तो म्हणाला, तुम्ही असाल ना तिथे? वेंडेल म्हणाला, असेन.

आपण त्याला क्षमा केली, हे वेंडेलला रस्त्यावर आल्यावर कळलं. स्वतःच्या गुन्ह्याची दुसऱ्याला क्षमा. एखाद्याने खिसा कापावा आणि ज्याचा कापला त्यालाच असू दे म्हणावं, त्यातला प्रकार. लाजेने मान खांद्यात गेली, कोटाच्या कॉलरपर्यंत. पण खरी गोष्ट अशी की घरी आल्यावर त्याला भूक लागली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. त्याने तीन अंडी तळली, पावाने ताटली पुसून खाल्ली, आणि खाता खाता स्वतःला सांगितलं की उद्या. उद्या नेंगने तोंड उघडायच्या आधीच आपण उभं राहायचं. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. त्रेसष्ट वर्षं झाली, आता आणखी कोणती अब्रू सांभाळायची आहे? हा विचार त्याला आवडला. त्याने तो झोपेपर्यंत दोन-तीनदा पुन्हा करून बघितला, आणि दर वेळी त्यातला वेंडेल थोडा अधिक उमदा दिसायला लागला.

रविवारी आर्डिसच्या बैठकीच्या खोलीत बारा-तेरा माणसं जमली. कोट पलंगावर टाकलेले, मोठ्या किटलीत कॉफी, कुणीतरी आणलेला सफरचंदांचा केक. आर्डिसने त्याला दारातच पकडलं आणि म्हणाली की आग तूच लाव, ही मंडळी नुसता धूर करतील. त्यामुळे बोलणी सुरू झाली तेव्हा वेंडेल फायरप्लेसपुढे गुडघ्यांवर होता आणि सगळ्यांकडे त्याची पाठ होती. त्याने झडप उघडली, पेटता कागद वर धरला, धुराडं ओढायला लागलं तशी बर्चच्या सालीची पट्टी ठेवली, वर काड्या आडव्याउभ्या, मग मेपलचं एक बारीक फाटं. त्याचं मन हातांत होतं. हात काम करत होते तोवर सगळं ठीक होतं. मग पाठीमागे खुर्ची सरकली आणि नेंग बोलायला लागला. वेंडेलला आधी उभं राहायचं होतं. त्याने उठायला हात टेकवलाही, पण मेपल नीट पेट घेत नव्हतं, ते एकदा हलवून मग उठू, असं त्याने ठरवलं. तो हलवेपर्यंत नेंगचं बोलून झालं होतं. थोडक्यात, सरळ, कुठलीही सबब न सांगता. मामाचं शेत, ट्रक, दोन वर्षं. माफ करा, आर्डिस, तो शेवटी म्हणाला. 

कोपऱ्यातल्या घरातली बाई, पोस्टात काम करते, ती म्हणाली, "पण दोन वर्षांत रस्ताभरची झाडं? वेंडेल, तुला यातलं कळतं. होईल असं?" वेंडेल वळला. बारा-तेरा तोंडं त्याच्याकडे बघत होती, भरवशाने, दर ऑक्टोबरात बघतात तशी. नेंगही बघत होता. नेंगच्या तोंडावर बारीकशी आशा होती, कदाचित शहाणा माणूस नाही म्हणेल अशी. कुणी इतकं सोपं करून प्रश्न पुन्हा कधी विचारणार नव्हतं. एक शब्द पुरे होता. तो शब्द त्याच्या जिभेवर होता, ओठांपर्यंत आला होता, आणि त्याने त्या तोंडांकडे बघितलं, आणि ही तोंडं उद्या आपल्याकडे कशी बघतील ते त्याला दिसलं.

"होऊ शकतं," वेंडेल म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण ती बाई अजून बघत होती, म्हणून तो म्हणाला, "गेले दोन्ही उन्हाळे कडक होते. उन्हात हा भुंगा झपाट्याने वाढतो." बाईने समजल्यासारखी मान हलवली. नेंगने मान खाली घातली. मग आर्डिस काठीवर भार टाकून उठली, हळूहळू चालत नेंगपाशी गेली आणि त्याला जवळ घेऊन म्हणाली की उभं राहून सांगितलंस, असं सांगायला छाती लागते. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. वेंडेलच्या एका हातात आग सारायची सळई होती. त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

पुढची बोलणी नव्या झाडांवर गेली. नेंग येऊन विटांच्या कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसला.  "तुम्ही होतात म्हणून बोलू शकलो," तो हळू आवाजात म्हणाला. वेंडेलने थोडं सरकून त्याला आगीजवळ जागा करून दिली. "जवळ ये," तो म्हणाला, "हात शेक."